चौथ्या ताक्यावर अडलेली पतासीबाई

तळोद्याच्या बाजारात अमरचंदांचं कापडाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक फुलाफुलांचा पडदा. या पडद्याआड यंदा फाल्गुनापासून एक बाई कापडाच्या ताक्यांवर बसायची आणि उठायची, पुन्हा बसायची आणि पुन्हा उठायची. आणि उठता उठता कुणावर ना कुणावर तरी चिडायची. ही अमरचंदांची बायको पतासीबाई. वय त्र्याहत्तर, अंगानं बारीक, आवाजानं मात्र चांगली भरलेली.

झालं होतं असं की पौषात ती ओल्या ओट्यावरून घसरली आणि घोट्याचं हाड चिरलं. सहा आठवडे पाय प्लास्टरात. प्लास्टर निघालं तेव्हा तिनं स्वतःची पोटरी पाहिली आणि सुनेला म्हणाली, "अल्पना, हा पाय मन्हा नहीच. डॉक्टरनी बदली टाका."

डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, गुडघेही ठीक आहेत, पण पडून पडून पायातली ताकद गेली. खुर्चीवरून उठायचं तर दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा. जमिनीवर बसायचं तर नावच नको. बसली की पोत्यासारखी तिथेच. मग अल्पना एका बगलेत आणि अमरचंद दुसऱ्या बगलेत, असं तिला उचलायचं.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं झालं, आता सगळं खुर्चीवर. पण पतासीबाईचं अडलं होतं स्थानकात. स्थानक म्हणजे जैनांची प्रार्थनेची जागा. तिथे ती लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे बावन्न वर्षं, पहिल्या ओळीत, खांबाला लागून जमिनीवर बसायची. साध्वी, म्हणजे महासतीजी, आल्या की उभं राहायचं, खाली बसायचं, डोकं जमिनीला टेकवायचं, पुन्हा उभं राहायचं. अशी तीनदा वंदना. नंतर आसन टाकून अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक. माळ, मौन, मांडी. हे तिनं बाळंतपणं सोडली तर कधी चुकवलं नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर ती पहिल्यांदा स्थानकात गेली तेव्हा तिला मागच्या भिंतीशी खुर्ची मिळाली. तिथे खुर्चीवाल्या बायकांची ओळ होती आणि त्या ओळीची पाटलीण होती सरलाबाई. सरलाबाई वयानं चार वर्षं लहान आणि अंगानं दुप्पट.

"ये वं पतासीबाई, ये," सरलाबाई शेजारची खुर्ची थोपटत म्हणाली. "आलीसच ना शेवटी आमच्यात? इथे बरं असतं. पंखा नेमका डोक्यावर येतो."

पतासीबाईनं तिथे बसूनच हात जोडले. डोकं वाकवलं ते गुडघ्यापर्यंतही पोचलं नाही. घरी आली, तोंडावर बांधायची मुहपत्ती घडी घालून डब्यात ठेवली आणि नातीला हाक मारली.

"जिनल, आषाढात महासतीजींचा गावात चातुर्मास प्रवेश शे. त्या दिवशी मी खुर्चीवर बसणार नाही. जमिनीवर वंदना करणार, हाताशिवाय उठणार. काय ते सांग."

जिनल चोवीस वर्षांची. सुरतेत राहून फिजिओथेरपी शिकलेली. गावातल्याच एका दवाखान्यात दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे वाकवायची. घरात मात्र अजून कुणी तिचं ऐकलं नव्हतं. अमरचंदांची मान आखडली तरी ते मलमवाल्याकडे जायचे. त्यामुळे दादीची ही हाक ऐकून तिला फारच बरं वाटलं. बिचारीला माहीत नव्हतं आपण काय ओढवून घेतोय.

तिनं दुकानातून पँटच्या कापडाचे सात जाड ताके आणले आणि एकावर एक रचले. सात ताके म्हणजे खुर्चीएवढी उंची.

"यावर बस, हात छातीशी घे आणि ऊठ. दहादा. जरा थांब. पुन्हा दहादा. असं तीन वेळा. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. सोपं वाटलं की मी एक ताका काढणार. सातही निघाले की राहिली जमीन."

सातवा ताका आठ दिवसांत निघाला. सहावा दहा दिवसांत. पाचव्याला पंधरवडा लागला पण तोही निघाला. महावीर जयंतीच्या सुमाराला पतासीबाई चार ताक्यांवरून अशी उठायची की अल्पना पोळ्या टाकून बघायला यायची. स्थानकात सरलाबाईला तिनं ऐकवलंसुद्धा, "पंखा तुलाच राहू दे."

आणि तिथेच गाडं रुतलं.

चौथा ताका काही निघेना. जिनलनं तो काढून तीनवर बसवलं की पतासीबाई बसायची ती बसायचीच. मांड्या थरथरायच्या, तोंड लाल व्हायचं, कंबर वीतभर वर यायची आणि धप्प. पुन्हा चार. चारवरून उठायचं, पण तेही कण्हत. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, महिना झाला. वैशाखाचं ऊन तापलं, दुकानात लग्नाची गिऱ्हाइकी सुरू झाली, आणि पतासीबाई चारवरच.

"असं होतं दादी," जिनल म्हणायची. "सुरुवातीला भराभर वाढतं, मग शरीर एका जागी थांबतं."

"सगळ्यांचं थांबतं का मन्हंच?"

"सगळ्यांचं. मोठमोठ्या पहिलवानांचं पण."

"त्यांना कुठे आषाढात वंदना करायची आहे?"

मग उपाय सुरू झाले. जिनल म्हणाली, खाणं कमी पडतंय. पतासीबाई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत पनीर, दूध, मुगाची धिरडी असं सगळं तिच्या पोटात जायला हवं. अल्पनानं धिरडी केली. आठव्या दिवशी पतासीबाई म्हणाली, "अल्पना, आता मूग बघितला तरी माझ्या पोटात मोड येतात." मग तिळाच्या तेलाचं मालीश झालं. मग संध्याकाळचं सकाळी केलं, सकाळचं दुपारी. सरलाबाईनं डिंकाचे लाडू पाठवले आणि सोबत निरोप, की खुर्ची राखून ठेवली आहे. लाडू पतासीबाईनं खाल्ले, निरोपावर चार दिवस जळफळली.

"कसली गं तुझी विद्या?" ती नातीवर घसरायची. "चार वर्षं सुरतेला राहिली, आणि दादीला एक ताकाभर खाली नेता येत नाही!"

"मी सांगते तेवढंच करतेस ना तू?"

"तेवढंच," पतासीबाई म्हणायची आणि नजर फिरवून तांदूळ निवडायला घ्यायची. खोटं ती कधी बोलत नसे. या "तेवढंच"नंतर तिनं मनातल्या मनात काही जोडलं असेल तर ते तिचं तिला ठाऊक.

इकडे अमरचंदांचं वेगळंच दुखणं. एके दिवशी प्रकाशा गावाकडचे नवलभाऊ पोराच्या लग्नाचं कापड घ्यायला आले. जुनं गिऱ्हाईक, घरच्यासारखं.

"शेठ, तो राखाडी ताका दाखाडा ना. मागली खेपले आठेच व्हता."

अमरचंदांनी फळीवर पाहिलं, फळीखाली पाहिलं, मग घसा खाकरून पडद्याकडे पाहिलं. आतून आवाज येत होता, "सात... आठ... अरे देवा... नऊ..."

"ताका शे," ते हळूच म्हणाले. "पण त्याच्यावर आमची मंडळी बठेल शे."

नवलभाऊंनी पडदा जरा सरकवला. पतासीबाईनं पदर सावरला आणि उठायचा प्रयत्न केला, पण नेमका तेव्हाच पाय लटपटला आणि ती पुन्हा ताक्यावर बसली.

"बठा माय, बठा," नवलभाऊ घाईघाईनं म्हणाले. "मी दुसरा देखी लेसू."

नवलभाऊ गेल्यावर अमरचंद आत आले. "कापड विकायचं आहे का त्यावर संसार थाटायचा आहे? चार ताक्यांना खळगे पडले!"

"खळगे दिसतात तुम्हाला! मन्हे पाय दिसत नहीत!"

"पाय काय, मला रात्रीची झोप दिसत नाही. रोज पहाटे तो भूकंप!"

जिनल तिथेच भिंतीला टेकून उभी होती. "कसला भूकंप, दादाजी?"

"पहाटे पाचला. महिना झाला, रोज. पलंग हालतो, गदगद गदगद, चांगला अर्धा तास. कानातलं मशीन काढलेलं असतं, आवाज येत नाही, पण हादरा कळतो ना. समोरच्या भांडेवाल्याला मी विचारलं, तो म्हणाला आमच्याकडे नाही होत. मी म्हटलं, भाग्यवान आहेस."

जिनल दादीकडे वळली. पतासीबाई ताक्याच्या कडेचा दोरा ओढत बसली होती.

"दादी. पहाटे पाचला तू काय करतेस?"

"माळ."

"माळेनं पलंग हालतो?"

पतासीबाईनं तो दोरा तोडला. मग एकदम उसळली. "करते! उठबशा करते! एकशेआठ. माळेच्या एकेका मण्याला एक. महावीर जयंतीला नियम घेतला, चातुर्मास प्रवेशापर्यंत रोज एकशेआठ, खंड नाही. चार ताक्यांपर्यंत आले तेव्हा वाटलं, धर्माचं काम आहे, तर धर्मासारखंच करावं. पलंग उंच आहे, सोपं जातं. म्हणून तुला सांगितलं नाही. तूच विचारलं, तू सांगते तेवढंच का. तुझं तेवढंच करते. हे वेगळं, हे माझं."

जिनलनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ती खाली फरशीवर बसली.

"महिनाभर मी मूग बदलते आहे, तेल बदलते आहे, वेळ बदलते आहे! आणि तू पहाटे एकशेआठ करून दमलेले पाय माझ्यापुढे आणतेस? दादी, ताकद उठताना वाढत नाही. उठून झाल्यावर पायाला स्वस्थ ठेवलं तर तेव्हा तो भरून येतो. तू त्याला भरूच देत नाहीस. आणि उंच पलंगावर एकशेआठ केलंस तर पाय काय शिकणार? उंच पलंगावरून उठायला. थांबव ते. एक दिवसाआड नुसता आराम कर."

"आराम?" पतासीबाईनं हा शब्द असा उच्चारला, जणू कुणी तिच्या ताटात कांदा वाढला होता. "बावन्न वर्षांत मी आराम केला नाही. आळसानं नियम मोडू? आणि घेतलेला नियम तुझ्या म्हणण्यावरून सुटतो का? तू काय महासतीजी आहेस?"

झालं. आता महासतीजींशिवाय गत्यंतर नाही. त्या तेव्हा खापर गावी मुक्कामाला होत्या. फोन त्या वापरत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जीप करून सगळी वरात खापरला गेली. पुढे अमरचंद, मागे पतासीबाई आणि जिनल. वाटेत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायचं ते अमरचंदांमार्फत.

"तिला सांगा, खिडकी लावून घे, धूळ येते."

"दादीला सांगा, लावलेलीच आहे."

महासतीजी लाकडी पाटावर बसल्या होत्या. पतासीबाईला कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. आणि इथे ती खरी कासावीस झाली. खुर्ची पाटापेक्षा उंच. महासतीजी खाली, ही वर. तिनं वंदना करायला अंग इतकं वाकवलं, इतकं वाकवलं, की खुर्चीचे मागचे दोन पाय उचलले गेले आणि जिनलनं धावत येऊन पाठ धरली.

"दया पालो," महासतीजींनी आशीर्वाद दिला. "सावकाश, बाई. पडून वंदना करायची नाही."

पतासीबाईनं सगळं सांगितलं. हाड, खुर्ची, ताके, नियम. सांगता सांगता डोळ्यांना पदर लावला, पण तो दुःखाचा नव्हता, संतापाचाच होता. "रोज करते, महाराज. एक दिवस चुकवला नाही. आणि जिथल्या तिथे आहे. ही म्हणते आराम कर."

महासतीजींनी जिनलला विचारलं, जिनलनं आपलं सांगितलं. मग महासतीजी पतासीबाईकडे वळल्या.

"नियम कशासाठी घेतला, बाई?"

"जमिनीवर बसून वंदना करता यावी म्हणून."

"मग तोच नियम वंदना अडवतो आहे. शरीराला बाधा होत असेल तर नियमातून वाट असते, ती मी देते. पण आराम तुम्हाला जमणार नाही, ते दिसतंच आहे. तर आराम करू नका. त्याग करा. एक दिवस ही मुलगी सांगेल तेवढ्या उठबशा, मोजून, एका मण्यानंही जास्त नाही. दुसऱ्या दिवशी उठबशांचा त्याग. कामापुरतं उठायचं, हौसेनं नाही. माळ एकशेआठचीच, पण बसून."

पतासीबाईच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. त्याग तिला कळत होता. तिनं कांदा, बटाटा सोडला होता, हिरवी भाजी तिथीला सोडली होती, एका वर्षी साखर सोडली होती. सोडणं म्हणजे काहीतरी करणं. तिनं हात जोडून पचखाण घेतलं, म्हणजे तसा नियम बोलून घेतला, आणि परतीच्या वाटेत जिनलशी थेट बोलली. "खिडकी उघड. गुदमरतं."

हा त्याग मात्र सगळ्यांत अवघड निघाला. त्यागाच्या दिवशी ती रचलेल्या ताक्यांसमोर येऊन बसायची, उपासाला कुणी जिलबीच्या परातीसमोर बसावं तशी. पाय आपोआप हालायचे. "जिनल, एक करू? एकच?" "नाही." "अर्धी?" "दादी!" मग ती धुसफुसत आत जायची आणि भांड्यांचा आवाज करायची. करण्याच्या दिवशी दहा झाल्या की अकरावीसाठी भांडायची. अल्पना म्हणायची, बाईंनी साखर सोडली होती तेव्हा घर एवढं कडू नव्हतं.

पण नवव्या दिवशी जिनलनं न सांगता चौथा ताका काढून घेतला. पतासीबाई तीनवर बसली, तिला वाटलं चारच आहेत, आणि उठली. उभी राहिल्यावर तिनं मागे वळून मोजलं. दोनदा मोजलं.

"फसवलंस?"

"हो."

"पुन्हा असं केलंस तर बघ," असं म्हणून ती पुन्हा बसली आणि पुन्हा उठली, या वेळी मोजून.

पुढे तिसरा निघाला. दुसरा तीन आठवडे अडून राहिला, त्या तीन आठवड्यांत तिनं जिनलला, मुगाला, पंख्याला आणि सरकारला नावं ठेवली. आषाढ लागला तेव्हा शेवटचा ताका फळीवर परत गेला, खळग्यासकट. पतासीबाई जमिनीवर बसायची, एक पाय पुढे घ्यायची, गुडघ्यावर यायची आणि हात न लावता उभी राहायची. उभी राहताना तोंडानं जो आवाज यायचा तो लिहिण्यासारखा नाही, पण उभी राहायची.

प्रवेशाच्या दिवशी स्थानक भरून गेलं होतं. महासतीजी पायी चालत आल्या, पाटावर बसल्या. पतासीबाई पहिल्या ओळीत, खांबाशी. मागे जिनल. पहिली वंदना. खाली, कपाळ फरशीला, वर. दुसरी. वर. तिसरीला गुडघा क्षणभर थांबला, खुर्च्यांच्या ओळीतून सरलाबाईचा "अगं बाई" ऐकू आला, आणि त्या "अगं बाई"च्याच रागानं असेल, पतासीबाई ताठ उभी राहिली. महासतीजींनी तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. पतासीबाईनं आसन टाकलं, मुहपत्ती बांधली, मांडी घातली. अठ्ठेचाळीस मिनिटं.

आता एक गोष्ट ना जिनलच्या लक्षात आली होती ना तिच्या. चार महिने ती बसायची ती पापणी लवेपर्यंत आणि लगेच उठायची. अठ्ठेचाळीस मिनिटं मांडी घालून बसण्याचा सराव कुणी घेतलाच नव्हता. सामायिक संपली, बायका आसनं झटकायला लागल्या, आणि पतासीबाईनं पाय हालवायला पाहिले तर पाय कुठे आहेत तेच कळेना. कमरेखाली सगळं परक्याचं.

जिनल पुढे वाकली. "दादी, ऊठ ना."

"मुंग्या," पतासीबाई मुहपत्तीआडून पुटपुटली.

"हात देऊ?"

"हात लावशील तर बघ."

तेवढ्यात महासतीजींनी विचारलं, "काय झालं, बाई?" सगळं स्थानक तिच्याकडे बघायला लागलं. पतासीबाईनं हात जोडले. "अजून एका सामायिकेचं पचखाण द्या, महाराज."

महासतीजींनी दिलं. पतासीबाई पुन्हा अठ्ठेचाळीस मिनिटं बसली, पण या वेळी शहाणपणानं. दर थोड्या वेळानं लुगड्याआड एकेक पाय लांब करत, बोटं हालवत, मांडी बदलत. अर्ध्या बायका थांबल्या, पाहायला. वेळ झाली. तिनं एक पाय पुढे घेतला, गुडघ्यावर आली, खांब हाताच्या अंतरावर होता, त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. आणि उठली.

सरलाबाई खुर्चीवरून उतरून समोर आली, तिनं चक्क वाकून पाया पडायला हात पुढे केला. "धन्य आहेस गं. या वयात, या पायांनी, दोन-दोन सामायिका!"

सामायिक करून उठलेली बाई, खोटं कसं बोलणार? "पाय बधिर झाले होते सरला. उठता येईना, म्हणून दुसरी घेतली."

"बघा, किती विनय!" सरलाबाई मागे वळून सगळ्यांना म्हणाली.

बाहेर चपला घालताना पतासीबाईनं तेच भांडेवाल्याच्या बायकोला सांगितलं. तिनंही हात जोडले. दुकानात पोचायच्या आत आणखी दोघींना सांगितलं, घसा ताणून, चिडून. त्या दोघींनी ते जाऊन आणखी चौघींना सांगितलं, की इतकी तपस्या करून बाई म्हणते काय, तर मुंग्या!